हाडांचा फोटो

वरकुटे, ता. इंदापूर
१८ जानेवारी १९९७

गंगाराम,

जय भीम. अक्षर ओळखलं असशीलच. अठरा वर्षांत अक्षर फारसं बिघडलेलं नाही, मीच बिघडलोय. पत्र फाडायचं असेल तर आत्ताच फाड. अर्ध्यावर येऊन फाडलंस तर मला जास्त लागेल. पाकिटात चार तीळ टाकले आहेत. संक्रांत होऊन गेली, पण तीळ काही शिळा होत नाही. गोड बोल असं म्हणायचं माझं तोंड नाही. कडू बोललास तरी चालेल.

तू गुरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून रिटायर झालास आणि पणदऱ्याला घर बांधलंस, हे दुधाच्या गाडीवाल्याकडून कळलं. ऐकून बरं वाटलं.

मला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय. घोळवून लिहिणार होतो, पण वळण घेता घेता कागद संपला असता. वर्षभर लघवीचा त्रास होता, म्हातारपण म्हणून अंगावर काढला. शेवटी मुलानं, रामनं, पुण्याला नेलं. तुकडा काढून तपासला, त्यात निघालं. आता तो हाडांत उतरलाय का, एवढंच बघायचं राहिलंय. त्यासाठी हाडांचा फोटो काढतात. परवा काढला.

शिरेत एक सुई दिली आणि तीन तास बसवून ठेवलं. औषध हाडांत मुरायला वेळ लागतो म्हणे. उरलेलं लघवीवाटे जातं, म्हणून पाणी प्यायचं आणि जाऊन यायचं. मग एका अरुंद फळीवर निजवलं. वरून एक चपटं यंत्र डोक्याकडून पायाकडं इतक्या सावकाश सरकत होतं, की ते सरकतंय की मी, हे कळेना. चरणाऱ्या मेंढरांमागं उभं राहिलं की असंच व्हायचं. ती जागची हललीत असं वाटायचं नाही, आणि घटकाभरानं बघावं तर आपण दुसऱ्याच माळावर.

माझा डोळा लागला. पळसदेवाकडची ती जुनी वाट, धरणाच्या पाण्याखाली गेलेली, मला कोरडीठाक दिसली. तिच्यावरून मेंढरं चालली होती. धूळ उडत होती, पण नाकात जात नव्हती. पुढं कुणीतरी खांद्याला औषधांची पिशवी लावून चाललं होतं. पाठ तुझ्यासारखी वाटली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मशीनवरची पोरगी म्हणाली, "झालं आजोबा, उठा." उठायला मला जरा वेळ लागला. का लागला ते राहू दे.

म्हणून तुला लिहावंसं वाटलं, दुसरं काही नाही. आपल्या मेंढपाळ संस्थेला पैदाशीसाठी मिळालेला सरकारी मेंढा चुकून खच्ची झाला, ठपका तुझ्यावर आला, तुझी बदली झाली, याबद्दल मी नवं काही सांगणार नाही. गर्दी होती, धूळ होती. चूक कुणाची हे आता उगाळून काय मिळणार?

म्हस्कू


३० जानेवारी १९९७

गंगाराम,

तुझं उत्तर नाही. यायला हवं असं मी म्हटलेलंही नव्हतं. पण पोस्टमन दिसला की पाय अंगणाकडं वळतात, त्याला मी काय करू.

फोटो पाहिला. डॉक्टरांनी तो भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावला. वीतभर उंचीची दोन माणसं, एक तोंडाकडून, एक पाठीकडून. दोन्ही मीच. मांस नाही, कातडं नाही, धोतर-पटका नाही, नुसती करडी हाडं. धुक्यात उभी असलेली बाभळ दिसते तसा दिसत होतो. मला त्या दोघांची भीती नाही वाटली. उलट वाटलं, ही दोघं इतकी वर्षं माझ्या आत उभी होती आणि मी कधी बसायलासुद्धा सांगितलं नाही.

डॉक्टर चांगले आहेत, समजावून सांगतात. म्हणाले, "काळं दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. हाड जिथं झिजतं किंवा भरून येत असतं, तिथंही औषध गोळा होतं. हे गुडघे बघा, काळे आहेत. ही झीज आहे."

मी म्हटलं, "चाळीस वरसं मेंढरामागं चाललोय सायेब. न झिजून सांगत्यात कुनाला?"

ते हसले. मग लघवीच्या पिशवीवर बोट ठेवलं. तीही काळी होती. औषध तिथूनच बाहेर जातं, त्याची काळजी नको, म्हणाले. आणि मग बोट जरा खाली, उजव्या मांडीच्या वरच्या अंगाला आलं. तिथं सुपारीएवढा एक डाग होता. "हा मात्र नको तिथं आहे," ते म्हणाले. "एक्स-रेत काही दिसत नाही, पण एक्स-रेत उशिरा दिसू शकतं. मला हा हाडातला वाटतो."

हाडात नसेल तर सात आठवडे लाईट, म्हणजे किरणं देतात. हाडात असेल तर लाईटनं भागत नाही. हा रोग पुरुषाच्या रसावर पोसतो म्हणे, म्हणून तो रस जिथं तयार होतो तेच काढून टाकायचं. दोन्ही अंडं. २७ फेब्रुवारीची तारीख दिली आहे.

राम म्हणाला, "आबा, जीव म्हत्त्वाचा. बाकीचं कोन बघतंय?" दिपाली, म्हणजे माझी सून, भिंतीकडं बघत होती. मला मामा मामा करत सगळं करते बिचारी, पण त्या वेळी तिलाही कळेना कुठं बघावं.

गंगाराम, आपण दोघांनी मिळून किती मेंढे खच्ची केले असतील रे? मी धरायचा, तू चिमटा लावायचास. हजारभर तरी असतील. एकदा तू म्हणाला होतास, "याला काय कळतंय, आत्ता उठून चरायला लागंल बघ." आणि लागायचाही. मला आता त्यातला एकेक आठवतो. उठून चरायला लागण्याआधी ते थोडा वेळ नुसते उभे राहायचे. तेव्हा आपण दुसरा धरलेला असायचा.

बायको असती तर तिला काय सांगितलं असतं, याचाही विचार केला. म्हाळसा हसली असती. "आता कुनाला दावायचं हाय?" म्हणाली असती. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तरी मला ते जाऊ द्यायचं नाही. हे कुणापुढं बोललो नाही, तुला लिहितोय.

म्हस्कू


११ फेब्रुवारी १९९७

गंगाराम,

आजचं पत्र एकट्यानं वाच.

चार दिवसांमागं दुपारचा लिंबाखाली बाजेवर पडलो होतो. ऊस तुटून गेलेलं रान समोर होतं. झोप नव्हती, जागही नव्हती. मी त्या फोटोत शिरलो होतो. करड्या हाडांमधून चाललो होतो, पायाखाली भुसभुशीत, आवाज कसला नाही. बरगड्यांखालून वाकून गेलो. उजव्या मांडीपाशी आलो, म्हटलं बघू तरी हा डाग कसला. वाकून हात लावला. हात ओला झाला.

ताडकन उठून बसलो. आणि मला कळलं. खरं सांगायचं तर कळलेलं आधीच होतं. ती पेटी लागली तेव्हाच कळलं होतं.

त्या दिवशी यंत्राखाली मला धोतरात झालं. गाढ झोप नव्हती, पण आवरता आलं नाही. चार-दोन थेंब म्हणणार होतो, त्याहून जास्त होतं. आत जाताना दवाखान्याचे कपडे घाला म्हणाले होते. त्या निळ्या चड्डीची नाडी बांधायला सुनेच्या वयाची पोरगी पुढं आली. मी म्हटलं, मी धोतर सोडणार नाही, फोटो काढायचा तर असाच काढा. तिनं तरी किती वाद घालायचा? धोतराचा घोळ उजव्या मांडीवर गोळा झाला होता, तोच भिजला. औषध लघवीवाटे जातं हे त्यांनीच सांगितलेलं. मग भिजलेल्या धोतरात ते असणार की नाही? आणि यंत्राला हाड कुठलं न् धोतर कुठलं, हे काय ठाऊक?

घरी आल्यावर ते धोतर मी विहिरीवर नेऊन स्वतः धुतलं. दिपालीनं विचारलं, "मामा, तुमी का धूताय?" म्हटलं, चहा सांडला.

आता तू म्हणशील, मग डॉक्टरला सांग की. एवढं सोपं आहे. सून आणि मुलगा दोन्ही बाजूंना बसलेले असताना, पासष्ट वर्षांच्या माणसानं म्हणायचं, मी धोतरात मुतलो. मला वाटत होतं, माझी अडचण एवढीच आहे. लाज. एक लाज झाकायला दुसरी पत्करायला निघालो होतो, आणि दुसरी कसली, तर कापून घ्यायची. मूर्खपणा म्हण, पण मी खरंच मनात वजन करत बसलो होतो.

पण आज सकाळपासून वाटतंय, लाज हे नुसतं पुढं केलेलं नाव आहे. सांगितलं तर ते फोटो परत काढतील. परत काढला आणि डाग तिथंच असला तर? आत्ता माझ्याकडं निदान हे ओलं धोतर तरी आहे. दुसऱ्या फोटोनंतर तेही राहणार नाही. मी भितो, गंगाराम. लाजतो त्याच्या दसपट भितो.

आणि लिहायलाच बसलोय तर तेही लिहितो. पहिल्या पत्रात मी गर्दी आणि धूळ लिहिलं. धूळ होती. पण मेंढा मी धरून आणला होता.

आदल्या दिवशी सगळ्या कळपाची लोकर कातरली होती. सरकारी मेंढ्याच्या पाठीवरचा लाल पट्टा लोकरीबरोबर गेला. त्याच्या कानातला बिल्ला आधीच कुठं काट्यात अडकून पडला होता. अजून वर्षाचाही नव्हता, अंगानं बाकीच्यांएवढाच. तू मला विचारलंस. शब्द आठवतात. "म्हस्कू, सरकारी ह्यात न्हाय न्हवं? नीट बघ." मी म्हटलं, "मला तोंडवळा कळतो मेंढराचा. तू चिमटा लाव." मला न बघता मेंढरू ओळखता येतं, ही माझी मिजास. गावात त्यावर पैजा लागायच्या.

चौकशीला साहेब आला तेव्हा मी संस्थेचा सेक्रेटरी होतो. मी लिहून दिलं, की कंपाउंडरनं कुणाला न विचारता केलं. तुझ्यावर ढकललं तर कुणी उलट विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. का विचारणार नाही, हेही ठाऊक होतं. तू बौद्धवस्तीतला आणि मी देवळापुढच्या पारावरचा. तुला पार विदर्भाच्या टोकाला टाकलं. तिकडं असतानाच अक्काबाई गेली आणि तुला आईचं तोंड दिसलं नाही. जिच्या हातची भाकरी मी लहानपणी चोरून खाल्ली, त्या बाईला पोचवायला मी आलो होतो. लांब, ओढ्याच्या अलीकडं उभा होतो.

माझ्याच्यानं पुढं लिहवत नाही.

म्हस्कू


३ मार्च १९९७

गंगाराम,

तुझं कार्ड २० फेब्रुवारीलाच पोचलं. तीनच ओळी. मला पाठ झाल्यात, तरी उतरवून काढतो, म्हणजे मी काही वगळलं नाही हे तुला कळेल. "पत्रं मिळाली. माझ्याजवळ कबूल करून उपयोग नाही, मला दोन्ही गोष्टींतलं खरं आधीपासून कळतं. ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

माझ्या धोतराचं तुला आधीपासून कसं कळलं, हे मला कळेना. मग वाटलं, माझ्या पहिल्याच पत्रावरून कळलं असणार. तुझ्यापुढं काही राहू दे म्हणून राहत नाही.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. दारात दिपालीला बाहेर थांब म्हणणार होतो. जीभ उचलली होती. मग म्हटलं, नको, हिच्याही समोर होऊ दे, परत परत धीर कुठून आणू? बसलो आणि डॉक्टरांना म्हणालो, "सायेब, त्या फोटोच्या टायमाला मला धोतरात लघवी झाली हुती. हितं. उजव्या अंगाला."

कुणी हसलं नाही. मी इतके दिवस त्या हसण्याची तयारी करत होतो आणि ते आलंच नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "हे कुणी मला त्याच दिवशी सांगितलं असतं, तर तुमचं अंग पुसून, कपडे बदलून, तिथल्या तिथं पुन्हा बघितलं असतं," म्हणाले. ऑपरेशनची तारीख काढून टाकली. आता नव्यानं सुई, नव्यानं फोटो. १० मार्च, सोमवार, सकाळी साडेनऊ. पण बजावून सांगितलं, की आशा धरा, खात्री धरू नका. कपड्याखाली हाडातही डाग असू शकतो.

येताना एसटीत दिपाली शेजारी बसली होती. नीरा गेल्यावर म्हणाली, "मामा, त्या दिशी चहा सांडला न्हवता व्हय?" मी म्हटलं, न्हाय. ती म्हणाली, "मला वासानं कळलं हुतं. माजा बा बी असाच धूत हुता." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी इतकं जपलेलं गुपित सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच तेवढं ते गुपित वाटत होतं.

दुसरं काल केलं. रविवार होता, पारावर संस्थेची मीटिंग होती. उभा राहिलो आणि एकोणऐंशी सालचा मेंढा कुणी धरून आणला, कंपाउंडरनं काय विचारलं, मी काय म्हणालो आणि मग काय लिहून दिलं, सगळं सांगितलं. तरण्या पोरांना काही पत्ता नव्हता. एक जण म्हणाला, "कसला मेंडा?" तुझी अठरा वर्षं गेली ती यांना गोष्टीतसुद्धा ठाऊक नाहीत.

पण तात्याबा होता. नव्वदीला आलाय, काठी टेकून बसला होता. म्हणाला, "आमाला तवाच ठावं हुतं की. तूच धरून आनला, म्या बघितलं. पर सेक्रेटरीनं कागुद म्होरं केला, मग आमी बी आंगठं दिलं." मी विचारलं, "तवा का बोलला न्हाईस, तात्याबा?" तो म्हणाला, "तू न्हाईस बोलला ते?"

मी खाली बसलो. हे सगळं मी लिहून काढलंय, गावापुढं वाचलंय आणि खाली सही केली आहे. त्याची नक्कल सोबत जोडतो. त्याचं काय करायचं ते तू ठरव. आपल्या पेन्शनीच्या वयात सरकार काही परत देणार नाही, आणि जे गेलं ते सरकारनं नेलेलं नव्हतं.

सोमवारची फार भीती वाटते.

म्हस्कू


पुणे, १२ मार्च १९९७

गंगाराम,

तुला निकाल ठाऊक आहे, म्हणून तो सांगत नाही. तुला ठाऊक नाही ते सांगतो.

या वेळी मी निळी चड्डी घातली. नाडी त्या पोरीनंच बांधली. मी छताकडं बघत उभा राहिलो आणि काही आकाश कोसळलं नाही. पंचा ओला करून अंग पुसलं, दोनदा जाऊन आलो, मग फळीवर निजलो. ठरवलं होतं, झोपायचं नाही. पण यंत्र सरकायला लागलं आणि सगळं मऊ झालं. या खेपेला वाट दिसली नाही, मेंढरं दिसली नाहीत. नुसतं पांढरं होतं, आणि त्यात मी कुठंतरी होतो आणि कुणीतरी जवळपास बसलेलं होतं. कोण ते दिसत नव्हतं, पण बसलेल्या माणसाचा भास होतो ना, तसा. मला भीती वाटायची थांबली. स्वप्नात कोण होतं, हे मी जागा होईपर्यंत कळलं नव्हतं.

उठून बाहेर आलो तर दिपालीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, डाग हाय न्हवं? ती म्हणाली, "न्हाय मामा, चांगलंच हाय. हाडात काय न्हाय. नुसतं गुडघं."

मी बाकड्यावर टेकलो. मग तिनं सांगितलं.

"तुमी आत गेला आन् येक बाबा आलं. पांढरा शर्ट, बगलंत छत्री. म्हनलं, म्हस्कू आत हाय का? म्या म्हनलं, व्हय. मग हितंच बसलं, चार तास. च्या आनू का इचारलं तर मान हालवली. डॉक्टर भाईर आलं तर माज्या आदी त्येच उटलं. म्हनलं, डाग हाय का गेला? डॉक्टर म्हनलं, गेला. मग खाली बसलं परत. लई वेळ टोपी हातात धरून बसलं. तुमास्नी भेटून जावा म्हनलं तर म्हनलं, आज नको."

मी विचारलं, आणखी काय म्हणाला? तिला आठवेना. मी पुन्हा विचारलं, आठव जरा. ती म्हणाली, "जाताना येवढंच म्हनलं, जेवतो का धड?"

गंगाराम, मी तिथं, दवाखान्यात, चारचौघांत रडलो. दिपालीनं पदर दिला. लाज वगैरे काही उरली नव्हती.

तू आज नको म्हणालास, ते बरोबर आहे. एका कागदानं आणि एका मीटिंगनं अठरा वर्षं भरून निघावीत, असं मागणारा मी कोण? माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझ्यापाशी राहू दे, तुझ्या सवडीनं.

सोमवारपासून लाईट सुरू होतंय. सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून, सकाळी अकराला. मी इथंच धर्मशाळेत राहणार आहे. दुसऱ्या रानातला ऊस अजून उभा आहे, राम-दिपालीला रोज येणं व्हायचं नाही. आतलं काम पाच-दहा मिनिटांचं, पण नंबर लागेपर्यंत दोन तास जातात. बाकडं चांगलं लांब आहे. त्यावर मी एका टोकाला बसेन. मध्ये हवी तेवढी जागा सोडून बसलास तरी चालेल.

म्हस्कू